गाढवाचा बाप

"पाव्हणं, कायतरी जळतंय," आप्पा म्हणाले.

मी स्टेअरिंगवर होतो. दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरांच्या माथ्यावर बर्फ, पुढं श्रीनगरला निघालेल्या ट्रकांची रांग आणि केबिनमध्ये हीटरची मस्त ऊब. जळका वास मलाही आला होता. पण तो आप्पांच्या माकडटोपीचा असणार असं धरून मी गप्प बसलो होतो. सकाळी चहा करताना त्यांनी ती ओली टोपी स्टोव्हवर धरून वाळवली होती, आणि सासरा होऊ घातलेल्या माणसाला 'तुमची टोपी जळतेय' हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"टोपी आसंल, आप्पा," मी हळूच म्हणालो.

"टोपी माज्या डोस्क्यावर हाय. जळाली आसती तर पयल्यांदा मला कळलं आसतं." ते हुंगत हुंगत डॅशबोर्डापर्यंत वाकले. "हितनं येतोय. हीटरपासनं."

मी डाव्या हातानं डॅशबोर्डाखाली चाचपलं आणि झटक्यात हात मागं घेतला. हात ब्लोअरपाशी गेला होता, म्हणजे हीटरची गरम हवा केबिनमध्ये ढकलणाऱ्या पंख्यापाशी. त्याची वायर भाकरीच्या तव्यासारखी तापली होती. मी हीटर बंद केला आणि गाडी रस्त्याच्या कडेला एका चहाच्या टपरीपाशी घेतली.

आता हे आप्पा कोण आणि मी त्यांचा पाव्हणा कसा, ते सांगायला हवं. आप्पा म्हणजे मारुती येलपले, सांगोल्याकडचे. स्वतःचा ट्रक होता आणि डाळिंबं भरून थेट श्रीनगरच्या मंडईत नेण्याची छाती होती. मी भानुदास बागल. आधी मिरजेत गाड्यांच्या वायरिंगच्या गॅरेजात हात काळे केले, मग ड्रायव्हर झालो. गाडी दुसऱ्याची, पोट आपलं. माझ्या मामानं येलपल्यांच्या वैजयंताचं स्थळ काढलं. रीतीप्रमाणं मुलगी बघायला जायचं, कांदेपोहे खायचे, खाली मान घालून दोन प्रश्न विचारायचे आणि घरी येऊन 'कळवतो' म्हणायचं. पण आप्पांनी मामाला सांगून टाकलं, "पोहं मागनं. पोरगं आदी माज्यासंगं एक खेप करू दे. पोह्याच्या बशीवर मानूस कळत न्हाई, केबिनमदी कळतो."

त्यामुळं मी त्या मुलीला पाहिलंच नव्हतं. तिचा एक फोटो मामाकडं होता, स्टुडिओत काढलेला. त्यात ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती, वर कुठंतरी बघत होती. लाजली असणार, असं मला वाटलं आणि मी तिथंच पाघळलो. उगाच आडपडदा कशाला ठेवू? मला ती मुलगी हवी होती. खेप संपेपर्यंत आप्पांच्या मनात भरायचं एवढा एकच विचार मी सांगोल्यापासून डोक्यात घेऊन निघालो होतो.

आप्पांची परीक्षा सांगोल्याच्या वेशीपासूनच सुरू झाली. मी गियर कसा टाकतो, नाक्यावरच्या माणसाशी कसा बोलतो, जेवल्यावर ताट कोण धुतो, सगळ्यावर त्यांची नजर. परीक्षा चालू आहे हे कळत होतं, पेपर कुठला आहे ते कळत नव्हतं. आणि अख्ख्या वाटेत त्यांनी मला 'पाव्हणं' सोडून दुसरी हाक मारली नाही. पाव्हणं म्हणजे मान, आणि मान म्हणजे चार हात अंतर.

आप्पांचा जीव दोन गोष्टींत अडकलेला होता. एक त्यांची एकुलती एक पोरगी आणि दुसरा त्यांचा हॉर्न. पाच भोंग्यांचा, मोटरवर चालणारा, सनईच्या सुरात वाजणारा हॉर्न. गावाच्या अलीकडं कॅनॉलच्या वळणावर ते तो वाजवायचे आणि घरी चुलीवर तवा चढायचा. जुनी गाडी त्यांनी विकली, पण हॉर्न काढून घेतला आणि ह्या गाडीला बसवला. निघालो त्या दिवशी नकळत माझा हात त्या बटणाकडं गेला, तर म्हणाले, "पाव्हणं, गाडी तुमचीच समजा. हॉर्न माजा." मी आपला साध्या हॉर्नवर श्रीनगर गाठायच्या तयारीला लागलो.

ही गाडी त्यांनी त्याच पावसाळ्यात पंजाबातल्या एका मालकाकडून घेतली होती, म्हणून तिला हीटर होता. नाहीतर आमच्याकडच्या गाडीला हीटर म्हणजे उंटाला घोंगडं. जुन्या गाडीत आप्पा गोधड्या पांघरून काश्मीर करायचे. हीटर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लावला तो ह्या खेपेला.

टपरीच्या शेजारी एक पंक्चरवाला होता. आप्पा उतरून ताडताड त्याच्याकडं गेले आणि त्यांनी आपल्या खास हिंदीत तक्रार मांडली.

"भैया, हमारा हीटर तापता है."

पंक्चरवाल्यानं त्यांच्याकडं नीट बघितलं. "तो अच्छा है ना, चाचा. ठंडा हीटर किस काम का?"

"न्हाई, न्हाई. लई तापता है!"

"मुबारक हो!"

पंक्चरवाल्यानं ते चहावाल्याला सांगितलं, चहावाल्यानं गिऱ्हाइकांना सांगितलं आणि बघता बघता हीटर तापतो म्हणून तक्रार करणारा म्हातारा बघायला आठ-दहा ड्रायव्हर गोळा झाले. एका सरदारजीनं फार काळजीनं विचारलं, "चाचा, घर में फ्रिज भी ठंडा करता होगा?" सगळे खो खो हसले. आप्पांना शब्द कळले नाहीत, हसणं कळलं.

"हसा लेकानू, हसा," ते शुद्ध मराठीत म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "पाव्हणं, तुमी मिरजंत ह्येच शिकला न्हवं? बगा की मग."

मी आधी बॅटरीची तार सोडवली. मग डॅशबोर्डाखालचं झाकण काढलं आणि उताणा होऊन आत डोकं घातलं. वायरी जोडणारा प्लास्टिकचा कपलर वितळून गुळासारखा पाघळला होता. वायरीचं वरचं आवरण काळं पडलं होतं. अजून थोडा वेळ चाललो असतो तर केबिनच पेटली असती. त्या वायरीवरून मागं मागं जात मी फ्यूजच्या डबीकडं निघालो आणि वाटेत जे दिसलं त्यानं माझं डोकंच फिरलं.

"कुठल्या गाढवानं केलीय ही वायरिंग?" माझ्या तोंडून निघून गेलं.

वरून आप्पांचा आवाज आला. "गाढवानं कशावरनं?"

"गाढव न्हाई तर काय, आप्पा? सिद्धनाथाच्या फोटोची बल्बची माळ, गाण्यांचा टेप आन उन्हाळ्यातला पंखा, तिन्ही ह्या ब्लोअरच्याच वायरीवर जोडल्यात. एका हिरीवर चार मोटा! हीटर बंद हुता तवर भागलं. आता हीटर बी चालू केला, मग वायर तापणार न्हाई तर काय?"

"आपल्याकडं हीटर कोन लावतंय? सांगोल्यात उनानंच मानूस भाजून निगतं. रिकामी वायर दिसली, घेतली आसंल."

"रिकामी दिसली म्हणून घेतली? गोठ्यात म्हस रिकामी दिसली म्हणून कुणी नांगराला जुंपतं का?"

 आप्पा म्हणाले, "म्हंजे काम कच्चं हाय म्हना की."

इथं मात्र खोटं बोलवेना. मिरजेत माझ्या उस्तादानं एकच गोष्ट डोक्यात भरली होती, की ज्याचं जे चांगलं ते चांगलं म्हणायचं. "काम कच्चं न्हाई, आप्पा. जोड असलं देखणं हायत की बगत ऱ्हावं. पीळ बगा कसा घातलाय, वेणीसारखा. एक जोड ढिला न्हाई, एक जोड जळलेला न्हाई. हात सोन्याचा हाय."

"आन डोस्कं?"

"डोस्कं गाढवाचं."

"हात सोन्याचा, डोस्कं गाढवाचं," आप्पांनी पाढा म्हणावा तसं म्हटलं. "ध्यानात ठिवतो."

मी पुन्हा कामाला लागलो. एक गोष्ट मला कळत नव्हती. वायर एवढी तापली तरी फ्यूज उडाला कसा नाही? फ्यूज असतोच त्यासाठी. वायर जळण्याआधी त्यानं स्वतः जळायचं. मी डबी उघडली. ब्लोअरच्या फ्यूजच्या जागी फ्यूजच नव्हता. तिथं तांब्याची चांगली जाडजूड तार पिळून घातली होती. ती तार ट्रक जळाला तरी जळली नसती.

"अरं देवा!" मी ओरडलो. "आप्पा, वायरिंग केली ते गाढव आसंल, पण हितं फ्यूजच्या जागी तार घातलीय कुणीतरी. ह्यो तर त्या गाढवाचा बाप!"

 मग आप्पा गुडघे टेकून खाली वाकले आणि त्यांचा चेहरा, माकडटोपीसकट, माझ्या तोंडासमोर आला.

"त्यो मी," ते म्हणाले.

"काय मी?"

"तार म्या घातली. लुदियान्याच्या फुडं हीटर लावला तर फ्यूज उडाया लागला. तुमी मागं झोपला हुता. म्हनलं, पाव्हण्याला कशाला उटवायचं."

 दोन हजार किलोमीटर ताटं धुतली, नाक्या-नाक्यावर गोड बोललो, आणि शेवटी होणाऱ्या सासऱ्याला तोंडावर गाढवाचा बाप म्हणालो. "आप्पा, चुकलं. मला काय म्हाईत..."

"आवो, चुकलं काय त्यात! गाढवाचा बाप!" आप्पांचे खांदे हलायला लागले. "बराबर हाय. आगदी बराबर हाय!" आणि ते इतके हसले की टोपी सरकून डोळ्यांवर आली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. माणूस एवढा संतापलाय की हसतोय, असाच मी अर्थ घेतला. फोटोतली ती वर बघणारी मुलगी मला लांब लांब जाताना दिसायला लागली.

उपाय तसा सोपा होता. माळ, टेप आणि पंखा काढून टाकायचे. जळकी वायर तोडून बॅटरीपासून ब्लोअरपर्यंत वेगळी जाड वायर ओढायची. मध्ये रिले बसवायचा. रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी, ती बारीक बटणाच्या इशाऱ्यावर जाड वायरीतून वीज सोडते, म्हणजे बटणावर भार येत नाही. आणि डबीत खरा फ्यूज घालायचा. फ्यूज माझ्या पेटीत होते. जाड वायर आणि रिले नव्हते. पंक्चरवाल्याकडं नव्हते, सरदारजीकडं नव्हते, त्या अख्ख्या डोंगरात कुणाकडं नव्हते.

फक्त एका ठिकाणी होते.

"आप्पा," मी पंचाईत झाल्यासारखा म्हणालो, "जाड वायर आन रिले आपल्याच गाडीत हाय. हॉर्नला."

आप्पांचं हसू जागच्या जागी विझलं. "हॉर्न सोडून बोला."

"दुसरं काय न्हाई हितं."

"मग हीटरबिगर जाऊ. आजवर गेलोच की."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि वेळही नव्हता. दुपारनंतर वर जाणाऱ्या गाड्या थांबवणार अशी ओरड पुढून येत होती. आभाळ भरून आलं होतं. वाटेत अडकलो असतो तर डाळिंबं गारठून काळी पडली असती. मी ब्लोअरची वायर आणि ते तीन जोड सोडवून ठेवले, बॅटरी जोडली, आप्पांनी स्टेअरिंग घेतलं आणि निघालो.

थंडी सोसता आली असती. अडचण काचेची झाली. बाहेर बर्फाळ वारा, आत आम्ही दोघं, आणि आमच्या श्वासानं समोरची काच पांढरीफटक. जुन्या गाडीच्या फटींतून वारा खेळायचा. ही केबिन एकदम बंद, डब्यासारखी. मी टॉवेलनं पुसायचो, पुसून हात मागं घेतो तोवर काच पुन्हा आंधळी.

"पाव्हणं, श्वास सोडू नगा!" आप्पा ओरडले.

"मग काय करू?"

"नुस्ता घ्या!"

मी खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं आणि तिथून रस्ता सांगायला लागलो. थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं, हां, सरळ. माझे कान बधिर झाले, नाक आहे की गेलं ते कळेना. एका वळणावर मी "सरळ" म्हणालो आणि समोरचा ट्रक थांबलेला मला फार उशिरा दिसला. मी बोंब मारली. आप्पांनी ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. मी टॉवेल फिरवला, तर काचेच्या अगदी पुढ्यात समोरच्या ट्रकची पाठ होती आणि तिच्यावर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, 'फिर मिलेंगे'.

आप्पांनी ते सावकाश वाचलं. "मिलेंगे म्हंत्यात," ते म्हणाले. "कुटं, ते लिवलं न्हाई."

मी हसलो नाही. तेही हसले नाहीत. उजव्या बाजूला दरी होती आणि तिचा तळ दिसत नव्हता. आप्पांनी गाडी जपून मागं घेतली, कडेला लावली आणि इंजिन बंद केलं. सिद्धनाथाच्या फोटोकडं बघत थोडा वेळ बसले. मग हॉर्नच्या बटणावर अंगठा ठेवला.

"एकदा वाजिवतो," म्हणाले.

बॅटरीवर जेवढा दम होता तेवढा सगळा त्या हॉर्ननं लावला. डोंगरानं तो सूर घेतला आणि परत दिला. पुढच्या ट्रकातला क्लीनर खाली उतरून चक्क नाचायला लागला. आप्पांचे डोळे भरून आले होते. त्यांनी अंगठा उचलला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

"काढ."

पाव्हणं नाही, काढा नाही. नुसतं काढ. त्या घाईत माझ्या ते ध्यानात आलं नाही.

बॅटरीची तार पुन्हा सोडवून मी हॉर्न काढला, पण एकही वायर तोडली नाही. एकेक स्क्रू सोडवून कागदात बांधला, कुठली वायर कुठं होती तिथं दोऱ्याच्या गाठी मारल्या. पाच भोंगे वाटेत आपटू नयेत म्हणून गुंडाळायला काहीतरी हवं होतं. माझ्या पिशवीत कोरा शर्ट होता. परतल्यावर तसंच पोह्याला जायचं म्हणून आईनं मुद्दाम शिवून घेतलेला. मी त्यात भोंगे गुंडाळले. शर्टाची ग्रीसनं पार माती झाली. आप्पा पान्हे हातात देत शेजारी उभे होते. ते सगळं बघत होते.

मग हॉर्नची जाड वायर ब्लोअरला ओढली, रिले आडोशाला बसवला, जळका कपलर उडवून तिथं सरळ जोड दिला. वायर लोखंडाला घासू नये म्हणून तिच्यावर रबराची नळी चढवली. जोडाला पीळ घालताना मी त्या अनोळखी गाढवाच्या पिळाची नक्कल करायला गेलो. तेवढा नेटका काही आला नाही. बोटं गारठली होती, असं मी मनाशी म्हटलं.

शेवटी फ्यूज घातला, बॅटरी जोडली, गाडी चालू केली, बटण फिरवलं. ब्लोअर घुमायला लागला. काचेवरचा पांढरा पडदा खालून वर विरत गेला आणि रस्ता दिसायला लागला. मी वायरीला हात लावला. गार. आप्पांनी लावला, मग पुन्हा लावला, मग टोपी काढून गाल लावून बघितला. तेवढ्यात मघाचे सरदारजी आपला ट्रक घेऊन शेजारून निघाले होते. आप्पांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"ओ सरदारजी! अब हीटर तापता है, वायर नहीं तापता!"

सरदारजींनी दोन्ही हात जोडले.

श्रीनगरच्या मंडईत डाळिंबं उतरली, एकही काळं पडलं नव्हतं. आप्पा म्हणाले, चल, घरी फोन लावू. तेव्हा मोबाइल आमच्या खिशापर्यंत पोचले नव्हते. त्यांच्या घराशेजारच्या किराणा दुकानात फोन होता आणि वैजयंता ठरल्या वेळी तिथं येऊन बसायची. मंडईजवळच्या एसटीडी बूथमध्ये आम्ही दोघं कसेबसे मावलो. आप्पांनी नंबर फिरवला, घसा साफ केला आणि म्हणाले,

"वैजू? मी गाढवाचा बाप बोलतोय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"व्हय, व्हय. त्योच, मिरजंचा. तुजी वायरिंग बगितली त्यानं. हात सोन्याचा म्हनला. आन डोस्कं गाढवाचं म्हनला. मग म्या घातल्याली तार बगितली, आन म्हनला ह्यो त्या गाढवाचा बाप. आता सांग, चुकला का?" आणि आप्पा पुन्हा तसेच खदाखदा हसायला लागले. मग रिसीव्हर माझ्या हातात कोंबून म्हणाले, "सांगायचं ऱ्हायलंच. वैजूनं आयटीआयला वायरमनचं शिक्षान घेतलंय. बोल."

एका क्षणात मला दोन गोष्टी कळल्या. फोटोत ती लाजली नव्हती. स्टुडिओतला दिवा नीट बसवलाय का, ते ती बघत होती. आणि दुसरी म्हणजे, मी मेलो होतो.

"हॅलो," मी म्हणालो.

"मीच ती," पलीकडून आवाज आला. त्यात राग आहे की हसू, ते फोनच्या खरखरीत कळेना.

"मला म्हाईत नव्हतं."

"म्हाईत आसतं तर काय म्हणला आसता?"

मी विचार केला. "तेच म्हणलो आसतो. मनात."

 मग ती म्हणाली, "चूक माझीच हाय. आप्पा हीटर लावतील आसं वाटलंच न्हाई. जुन्या गाडीत गोधड्या घेऊन जायचे. आता नीट केलं, का नुसतंच तोडून टाकलं?"

"नीट केलं. बॅटरीपासनं वेगळी वायर घेतली. रिले बसवला."

"तिथं डोंगरात रिले कुठं मिळाला?"

"हॉर्नचा."

"कुठल्या हॉर्नचा?"

"आप्पांच्या. वायर बी त्याचीच."

"आप्पा कुठं हुते तवा?"

"शेजारी. पान्हं देत हुते."

 पलीकडं दुकानात तराजूचं पारडं खणखणलेलं मला ऐकू आलं.

"गाडी बदलली तवा सगळी वायरिंग मी केली," ती हळू आवाजात म्हणाली. "पण हॉर्न आप्पांनी स्वतः बसवला. त्याला मलासुदिक हात लावू दिला न्हाई त्यांनी. कधीच."

मी आप्पांकडं बघितलं. ते बूथच्या काचेतून बाहेर बघत होते आणि काही ऐकूच येत नाही असा चेहरा करून उभे होते. तेव्हा कुठं मला ते 'काढ' आठवलं. पेपर कुठला होता ते तेव्हा कळलं, आणि तो घाटातच सुटला होता हेही. 

"म्हंजे आप्पांचं ठरलं," ती म्हणाली. "ऱ्हायलं माझं. माझं मी जोड बगून सांगीन." आणि तिनं फोन ठेवला.

परतीच्या वाटेवर पंजाब सरला, राजस्थान सरला, थंडी सरली, हीटर बंद झाला, पण माझी धाकधूक काही सरेना. कॅनॉलच्या वळणावर आप्पांचा अंगठा सवयीनं बटणाकडं गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी साधा हॉर्न वाजवला. तो असा केविलवाणा वाजला की रस्त्यावरची शेळीही बाजूला झाली नाही. घरी कुणाला पत्ता नाही, चुलीवर तवा नाही. गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा आप्पांच्या मंडळी हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्या मळक्या शर्टाकडं बघून त्यांनी विचारलं, "ह्येच का पाव्हणं? पोहं टाकू का?"

"थांब जरा," आप्पा म्हणाले. "अजून निकाल लागायचाय."

मी उतरून वळलो तोवर कुणीतरी पलीकडच्या दारानं केबिनमध्ये चढलंसुद्धा. मी माझी होणारी बायको पहिल्यांदा पाहिली ती अशी: डॅशबोर्डाखालून बाहेर आलेले दोन पाय, त्यात चांदीचे पैंजण आणि शेजारी ठेवलेला स्क्रूड्रायव्हर. आप्पा आणि मी दाराशी उभे राहिलो, डॉक्टर आत गेल्यावर घरचे उभे राहतात तसे.

"वायर बरी घेतलीय," आतून आवाज आला. "फ्यूज बराबर हाय. नळी चढवली ते चांगलं केलं."

मी श्वास सोडला.

"पीळ माझ्यासारखा घालाया गेलाय. जमला न्हाई."

मी श्वास परत घेतला. आत काहीतरी चाचपल्याचा आवाज झाला. पैंजण वाजले. मग ती ठणकावून म्हणाली,

"आन हे टेपच्या वायरीचं टोक उघडं कुठल्या गाढवानं सोडलंय?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी आप्पांकडं बघितलं. मग मी खाली वाकून, त्या दोन पायांना उद्देशून, खरं ते सांगितलं.

"मी."

आत पहिल्यांदाच हसू फुटलं. मोकळं, अगदी आप्पांसारखं. आप्पांनी टोपी काढली, घराकडं तोंड केलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले,

"आगं, पोहं टाक! मी दोन गाढवांचा बाप झालो!"